प्लग काढला म्हणजे यंत्र रिकामं झालं असं नाही

घरच्या कामाच्या टेबलाभोवतीची यंत्रं आणि व्यायामाची उपकरणं स्वतःच उघडून दुरुस्त करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं सारखी येत असतात. वस्तू फेकून देण्याआधी ती उघडून पाहावीशी वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘प्लग काढूनच उघडणार आहे, मग धोका नाही ना?’ धोका आहे. यंत्र बंद करणं वेगळं आणि त्यातली ऊर्जा संपवणं वेगळं. बॅटरीत, कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या सुट्या भागात), स्प्रिंगमध्ये, खुर्चीच्या सिलिंडरमध्ये ती तशीच साठून राहते. म्हणून या वेळी बहुतेक पत्रं याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर बिघडला. फोनचा टाइप-सी चार्जर लावला तर लॅपटॉप खराब होईल का?

दोन्हीकडे यूएसबी पॉवर डिलिव्हरी असेल आणि चार्जर अस्सल असेल, तर नाही. किती व्होल्ट द्यायचे ते दोघं आपापसांत ठरवतात. वॅट कमी पडले तर चार्जिंग सावकाश होईल किंवा होणार नाही, एवढंच. गोल पिनच्या जुन्या चार्जरला मात्र हे लागू नाही. तिथे व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू तंतोतंत जुळायला हवी, आणि अँपियर तेवढेच किंवा जास्त हवेत. लेबल पुसलं गेलं असेल तर अंदाजाने लावू नका.

प्रश्न : ट्रेडमिल दहा मिनिटं चालली की आपोआप थांबते. कंट्रोलर बोर्डावरचा कपॅसिटर बदलून हाच दोष घालवलेला मी एका व्हिडिओत पाहिला. मला सोल्डरिंग येतं. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, मग स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन टोकं जोडायची, म्हणजे तो रिकामा होतो असं त्यात सांगितलं आहे. हे बरोबर आहे का?

नाही. हा सल्ला आता इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतो की लोकांना तो नियमच वाटू लागला आहे.

२३० व्होल्टचा एसी पुरवठा बोर्डावर डीसी होतो, तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात. तो १,००० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात जवळपास ५३ ज्यूल ऊर्जा साठते. एका हातातून शिरून छातीमार्गे दुसऱ्या हातातून बाहेर पडली तर ती जिवावर बेतू शकते. प्लग काढल्यावर ही ऊर्जा हळूहळू उतरावी म्हणून बऱ्याच बोर्डांवर एक रेझिस्टर बसवलेला असतो. ‘पाच मिनिटं थांबा’ हा सल्ला त्याच्या भरवशावर दिला जातो. पण तुमचा बोर्ड बिघडला असेल असं तुम्हीच म्हणताय. बिघडलेल्या बोर्डावर नेमका तोच रेझिस्टर तुटलेला असू शकतो, आणि तसं झालं तर कपॅसिटरवरचा विद्युतभार बराच वेळ टिकून राहतो. बाहेरून तो भरलेला आहे की रिकामा, हे दिसत नाही. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

आणि स्क्रूड्रायव्हर? त्याने कपॅसिटर रिकामा होतो हे खरं. सोबत ठिणगी उडते, वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांकडे येऊ शकतात आणि शेजारचे चांगले भाग जळू शकतात. जाणकार माणूस योग्य मूल्याचा रेझिस्टर लावून विद्युतभार उतरवतो, तो उतरला की नाही हे मीटरवर पाहतो, आणि मगच बोर्डाला हात लावतो. सोल्डरिंग येणं आणि घरातल्या विजेच्या व्होल्टेजवरच्या बोर्डावर काम करता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकला नसाल, तर त्याचा पहिला धडा या बोर्डावर गिरवू नका.

खरं तर बोर्डापर्यंत जायची गरज पडेलच असं नाही. दहा मिनिटं नीट चालून मग बंद पडणाऱ्या ट्रेडमिलमध्ये मी आधी पट्टा पाहते. पट्टा आणि खालची फळी कोरडी पडली की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, आणि जास्त भार आला म्हणून कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र थांबवतो. अशा वेळी कपॅसिटर बदलणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. प्लग काढा, पट्टा कडेने थोडा उचला आणि मधोमध, जिथे पाऊल पडतं तिथे, बोटं फिरवा. बोटांना किंचित बुळबुळीत लागलं तर वंगण आहे. कोरडं, खरखरीत लागलं तर नाही. माहितीपुस्तिकेत वंगण घालायला सांगितलं असेल तर शुद्ध सिलिकॉन तेल घाला. स्वयंपाकाचं तेल, शिवणयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे घालू नका. पट्टा आणि फळी दोन्ही खराब होतात. काही पट्ट्यांना कारखान्यातच मेण लावलेलं असतं आणि त्यांना तेल चालत नाही, म्हणून पुस्तिका आधी वाचा. एक्स्टेंशन बोर्डावरून ट्रेडमिल चालवत असाल तर तेही आजच बंद करा. एवढं करून यंत्र थांबत राहिलं तर तंत्रज्ञाला बोलवा, आणि ‘कपॅसिटर बदला’ असं न सांगता लक्षणं सांगा.

प्रश्न : घड्याळावर ‘५ एटीएम’ लिहिलं आहे. गरम पाण्याच्या शॉवरखाली ते घातलं तर चालेल का?

नको. ते ५० मीटर खोलीवरच्या स्थिर पाण्याच्या दाबाइतकं चाचणीचं माप आहे. गरम पाणी, वाफ आणि साबण यांची ती हमी नाही, आणि आतलं रबरी सील याच तिन्हींमुळे लवकर म्हातारं होतं. बॅटरी बदलण्यासाठी घड्याळ एकदा उघडलं की सील नवं बसवून दाबाची चाचणी होईपर्यंत ते जलरोधक नाही असंच धरा.

प्रश्न : अडीच वर्षं घरून काम करते. लॅपटॉप कायम चार्जिंगला असतो. महिन्याभरापासून टचपॅड दाबला जात नाही आणि झाकण एका कोपऱ्यात मिटत नाही. बॅटरी फुगली आहे असं मुलगा म्हणतो. लॅपटॉप उत्तम चालतोय आणि हातात मोठं काम आहे, म्हणून दोनेक महिन्यांनी बदलावी असा विचार आहे. तोवर ती फ्रीजरमध्ये ठेवली तर फुगवटा उतरतो असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सुईने बारीक भोक पाडून हवा काढायला सांगितलं. कपाटातल्या जुन्या फिटनेस घड्याळाची काचही एका बाजूने उचलली आहे. काय करू?

हे वाचून होताच लॅपटॉप बंद करा आणि चार्जरची पिन काढा. पुढचं फोनवर वाचा.

तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बहुतेक टचपॅडच्या खालीच असते. ती फुगली की टचपॅडला खालून टेकते आणि त्याला दबायला जागा उरत नाही. मग ‘टिक’ असा आवाज येईनासा होतो. पुढे टचपॅडची कड वर दिसू लागते, झाकण मिटत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला की डुगडुगतो, खालच्या झाकणाच्या दोन स्क्रूंच्या मध्ये फट पडते. घड्याळात तेच काचेच्या कडेने दिसतं; अंधारात पाहिलं तर फटीतून पडद्याचा उजेड बाहेर येतो. कधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो. तसा वास आला तर वेष्टन फाटलं आहे असं समजून खोलीबाहेर पडा.

आता ‘उत्तम चालतोय’ याबद्दल. फुगलेली बॅटरी वीज देत राहते, आणि घात तिथेच होतो. माणसं तेवढ्यावर निश्चिंत राहतात. या बॅटरीच्या आत धन आणि ऋण थरांमध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, साधारण २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. दोन्ही थर त्या पडद्याच्या आधाराने एकमेकांपासून दूर राहतात. सभोवती जो द्रव असतो तो ज्वलनशील सेंद्रिय द्रावकांचा असतो. बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली, खोटा चार्जर लावला, महिनोन्‌महिने पार रिकामी पडून राहिली, आपटली किंवा नुसती जुनी झाली, तरी हा द्रव विघटित होऊन वायू तयार होतो. फुगवटा म्हणजे तोच वायू. तो दिसतो याचा अर्थ आतली रचना बिघडली आहे. आता दाब पडला, बाक आला किंवा स्क्रूचं टोक टेकलं आणि तो पडदा कुठे फाटला, की दोन्ही थर एकमेकांना भिडतात. त्या जागी उष्णता निर्माण होते, सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास पडदा वितळू लागतो, त्यामुळे आणखी जागा भिडते, आणखी उष्णता, आणि शेजारचा सेलही पेट घेतो. ही साखळी एकदा सुरू झाली की लॅपटॉपचं बटण दाबून थांबत नाही.

मला या तंत्राचं वावडं नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. रोजच्या वापरात ती सुरक्षित आहे. पण ती दुखावली आहे हे डोळ्यांना दिसत असताना ‘बघू नंतर’ म्हणणं मला सहन होत नाही. नावाजलेल्या कंपन्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. २०१६मध्ये सॅमसंगला बॅटरी पेट घेत असल्यामुळे गॅलक्सी नोट ७ हा फोन पूर्णपणे मागे घ्यावा लागला. २०२२मध्ये फिटबिटने आयोनिक हे घड्याळ परत मागवलं, कारण बॅटरी तापून मनगटं भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मनगटाएवढ्या वस्तूतल्या चिमुकल्या बॅटरीची ही गोष्ट आहे. तुमच्या लॅपटॉपमधली तिच्या कितीतरी पट मोठी आहे.

फ्रीजरने काहीही साधत नाही. थंडीने वायू थोडा आकसतो, पण द्रव पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि बाहेर काढल्यावर बॅटरीवर दव धरतं ते वेगळंच. जड पुस्तकाखाली दाबून ‘सपाट’ करायचा सल्लाही फिरत असतो. त्यात तुम्ही तो पातळ पडदा स्वतःच्या हाताने दाबत असता. सुई सर्वांत वाईट. सुई धातूची, ती आत शिरली की धन-ऋण थर एकमेकांना जोडते, बाहेर येणारी वाफ पेट घेते, आणि आतल्या क्षाराचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा फुफ्फुसांना आणि डोळ्यांना घातक वायू तयार होतो. ज्याने तुम्हाला हे सांगितलं त्याने स्वतः करून पाहिलं नसावं, नाहीतर सांगितलंच नसतं.

मग काय करायचं? लॅपटॉप बंद ठेवा, चार्ज करू नका, ‘वापरून बॅटरी संपवू’ असंही करू नका. कागद, पडदे, गाद्या यांपासून दूर, फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, सावलीत ठेवा. हवाबंद डब्यात घालू नका. गाडीत तापत ठेवू नका. घड्याळाचंही तेच. कंपनीच्या सेवा केंद्राला आधी फोन करा, बॅटरी फुगली आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा, कशी आणायची ते विचारा. कुरिअरने पाठवू नका. खराब झालेली लिथियम बॅटरी अशी पाठवणं जिवावरचं आहे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्या. धूर निघाला, फसफस आवाज आला किंवा ती स्वतःहून तापू लागली तर कामाच्या फाइलींच्या मागे लागू नका : माणसांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला बोलवा.

ही बॅटरी स्वतः काढू का, असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगते. न फुगलेली, फक्त स्क्रू आणि कनेक्टरने बसवलेली बॅटरी सवयीच्या हाताने बदलता येते. फुगलेली आणि खाली गोंदाने चिकटवलेली बॅटरी उचकटताना पाना किंवा पट्टी तिच्या पोटात जाते. ते काम घरी करायचं नाही.

नव्या बॅटरीसाठी एवढंच : लॅपटॉप कायम जोडलेला राहणार असेल तर सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का ते पाहा आणि ती लावा. उशीवर, पांघरुणावर ठेवून चार्ज करू नका. आणि ‘महिन्यातून एकदा पार रिकामी करून पूर्ण भरा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्याने लिथियम बॅटरीचं आयुष्य वाढत नाही.

प्रश्न : मसाज गनमधले सेल काढून ९,९०० मिलीअँपियर-तासांचे १८६५० सेल बसवायचे आहेत. ऑनलाइन स्वस्त मिळतात.

ते सेल खोटे आहेत. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या नळीत चांगले कारखाने साधारण ३,५०० मिलीअँपियर-तासांच्या आसपास क्षमता बसवू शकतात; तिप्पट आकडा छापायला फक्त शाई लागते. असे सेल बहुतेक जुन्या बॅटऱ्यांमधून काढून नवं वेष्टन चढवलेले असतात. शिवाय पॅकमधले सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे लागतात, त्यांच्यावर संरक्षक सर्किट लागतं, आणि ते स्पॉट वेल्डिंगने जोडतात. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर आत काय तापतं ते वरच्या उत्तरात लिहिलंच आहे. कंपनीचा पूर्ण पॅक घ्या. तो मिळत नसेल तर गन वायरवर चालते का ते विचारा.

प्रश्न : ‘४ हॉर्सपॉवर’ आणि ‘२ हॉर्सपॉवर’ अशा दोन ट्रेडमिल जवळजवळ एकाच किमतीला आहेत. चारची घ्यावी ना?

त्या चारच्या पुढे बारीक अक्षरात ‘पीक’ असा शब्द आहे का ते पाहा. पीक म्हणजे क्षणभर गाठता येणारी ताकद. तासभर चालताना मोटर सलग किती देते तो आकडा वेगळा असतो, आणि विक्रेता तो लपवतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे चार हॉर्सपॉवरला जवळपास ३,००० वॅट लागतील. आता दुकानात खाली वाका आणि यंत्राला जिथे वायर जोडतात तिथली पट्टी वाचा. तिथे १,२०० किंवा १,५०० वॅट लिहिलं असेल तर वरच्या चाराच्या आकड्याचं काय ते तुम्हीच ठरवा. सलग ताकद, पट्ट्याची रुंदी, वजनाची मर्यादा आणि दुरुस्तीला माणूस येतो की नाही, या चार गोष्टींवर निवडा. घरात लहान मूल असेल तर सेफ्टी की (ती काढली की यंत्र चालत नाही) काढून उंचावर ठेवायची सोय असलेलीच घ्या. २०२१मध्ये पेलोटन या कंपनीला एका मुलाच्या मृत्यूनंतर आणि इतर अनेक अपघातांनंतर ट्रेड+ हे यंत्र परत मागवावं लागलं होतं.

प्रश्न : यूपीएसची बॅटरी स्वतः बदलायची आहे. भिंतीतला प्लग काढला की पुरे ना?

नाही, आणि इथे तर मुळीच नाही. भिंतीतली वीज गेली की आतून वीज देणं हेच यूपीएसचं काम! प्लग काढल्यावरही त्याच्या मागच्या सॉकेटमध्ये पूर्ण व्होल्टेज असू शकतं. बॅटरीसाठी वेगळं दार असलेलं मॉडेल असेल तर पुस्तिकेतल्या क्रमानेच जा : आधी जोडलेली यंत्रं बंद, मग यूपीएस बंद, मग प्लग, मग दार. अंगठी आणि मनगटावरचं धातूचं काहीही काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण पाना दोन टोकांवर आडवा पडला तर शेकडो अँपियर वाहतात आणि पाना लाल होतो. नवी बॅटरी त्याच व्होल्टची, त्याच क्षमतेची, त्याच मापाची. जुनी फुगून आत अडकली असेल किंवा वेगळं दारच नसेल तर यूपीएस जसाच्या तसा तंत्रज्ञाकडे न्या.

प्रश्न : धावताना घड्याळ नाडीचे ठोके १७५ दाखवतं. मला तर दम लागलेला नसतो. सेन्सर बदलावा का?

सेन्सर बदलायची घाई नको. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्त किती परतवतं-शोषतं यातल्या चढउतारांवरून ठोके मोजतं. पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलाला घड्याळ हलतं आणि ते ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतं. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतातच. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, त्वचेला नीट टेकेल इतपत घट्ट बांधा. मग थांबून लगेच बोटांनी नाडी ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आकडे जुळले नाहीत तर घड्याळ चूक. बोटांनीही तेवढेच ठोके लागले, किंवा सोबत छातीत दुखणं, चक्कर, धडधड असेल तर पट्ट्याशी झगडत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ऑफिसची खुर्ची बसलं की सावकाश खाली जाते. सिलिंडरला भोक पाडून गॅस पुन्हा भरता येईल का?

भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, तापवायचं नाही. त्या सिलिंडरमध्ये नायट्रोजन मोठ्या दाबाखाली कायमचा बंद केलेला असतो. खुर्ची खाली जात असली तरी आत दाब आहेच. तो भरण्याजोगा बनवलेलाच नसतो. पूर्ण सिलिंडर बदलतात, आणि ते काम दुकानात थोड्या वेळात होतं. तोवर दांड्याभोवती योग्य उंचीचा, लांबीत चिरलेला पाइपचा तुकडा बसवून खुर्ची एका उंचीवर अडवली तर हरकत नाही.

प्रश्न : मॉनिटरच्या आर्मवरून मॉनिटर काढताना काय काळजी घ्यावी?

आधी आर्म सर्वांत वर न्या, मग स्क्रू काढा. खाली असताना मॉनिटर काढलात तर दाबलेली स्प्रिंग सुटते आणि आर्म थेट हनुवटीवर येतो. एकाने मॉनिटर धरायचा, दुसऱ्याने स्क्रू काढायचे.

प्रश्न : सुई न टोचता रक्तातली साखर दाखवणारं घड्याळ घेतलं. वडिलांच्या इन्सुलिनचा डोस त्यावरून कमीजास्त केला तर चालेल ना?

चालणार नाही. ते घड्याळ आजच बाजूला ठेवा आणि त्यावरून डोस एकदा जरी बदलला असेल तर वडिलांच्या डॉक्टरांना आजच सांगा.

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला होता : त्वचेला न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या कोणत्याही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. तरी अशी घड्याळं सर्रास विकली जातात. पडद्यावर आकडा येतो, तो जेवणानंतर थोडा वाढतो, उपाशीपोटी थोडा उतरतो, आणि माणसाला वाटतं, बरोबर दाखवतंय. साखर प्रत्यक्ष खाली गेलेली असताना घड्याळाने ती वाढलेली दाखवली आणि त्यावर इन्सुलिन दिलं, तर काही तासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्वचेखाली बारीक तंतू ठेवून साखर मोजणारे सेन्सर असतात आणि त्यांचा आकडा काही घड्याळांवर दिसतो. तिथे मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ फक्त दाखवतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि विक्रेते मुद्दाम ते पुसट करतात. वडिलांसाठी कोणतं साधन योग्य ते त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रश्न : नाडीचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यातला बटण सेल संपला. घरात दीड वर्षाचं मूल आहे. संपलेला सेल टाकून दिला की झालं ना?

लगेच टाकू नका. आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. पट्ट्याला चालेनासा झालेला सेल म्हणजे रिकामा सेल नव्हे. सीआर२०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा, नवा असताना ३ व्होल्टचा. मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो, तिथल्या ओलाव्यातून करंट वाहतो, त्याच्या कडेला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. वापरलेल्या सेलमध्ये एवढ्यापुरती ऊर्जा असतेच. मूल सुरुवातीला रडतंही असं नाही. लाळ गळणं, खोकला, खायला नकार, एवढंच दिसतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, ‘शौचावाटे जाईल’ म्हणून वाट पाहू नका, सरळ रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढायला सांगा. सोबत सेलचं पाकीट न्या. आणि घरातल्या ज्या वस्तूंचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, मग तो रिमोट असो किंवा वजनकाटा, त्या सगळ्या आज एकदा तपासा.

प्रश्न : शरीरातली चरबी मोजणारा स्मार्ट वजनकाटा पेसमेकर असलेल्या सासूबाईंनी वापरला तर?

नाही. तो पायांतून बारीक करंट सोडतो. साधा काटा वापरू द्या, आणि घड्याळ-फोनसारखी चुंबकं असलेली साधनं पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगा. बाकी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : वर-खाली होणारं टेबल मध्येच थांबलं आणि पडद्यावर एरर आला. मोटर गेली का?

बहुधा नाही. बऱ्याच टेबलांच्या मोटरला दोन मिनिटं चालल्यावर अठरा मिनिटं विश्रांती लागते. मुलांनी बटणाशी खेळलं की ती मर्यादा ओलांडली जाते. वीस मिनिटं थांबा, मग टेबल पार खाली नेऊन पुस्तिकेतल्या पद्धतीने रीसेट करा. तरी हललं नाही तर टेबल एकट्याने उलटं करू नका. वरची फळी आणि मोटरचे खांब मिळून बरंच वजन होतं. एररचा क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या तंत्रज्ञाला तो फोनवर वाचून दाखवा.